गाडी होडीसारखी डुलू लागली तेव्हा

मित्रांनो, मोटारीत बसलात की तुम्ही खिडकीतून बाहेर पाहता, भोंगा वाजवू द्या म्हणून हट्ट धरता, फार तर उतरल्यावर चाकाला लाथ मारून बघता. माझ्याकडे कोणी पाहत नाही. मी चाकाच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या सावलीत उभा असतो. मी शॉकॲब्सॉर्बर. नाव एवढे लांबलचक की पनवेलच्या मिस्त्र्यांनी त्याचा 'शॉकप' करून टाकला, आणि मीही फार कुरकुर केली नाही. आता मी म्हातारा झालो आहे. पोटातले तेल संपले आहे. वडाळे तळ्याच्या काठी महादेव मिस्त्रींचे गॅरेज आहे, तिथे खिडकीतल्या फळीवर मी आडवा पडलेला असतो. दुपारी तळ्यावरचा उजेड आत येऊन छतावर हलत राहतो. तो बघत मी जुने दिवस आठवतो. दुसरे काही काम मला आता कोणी सांगत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्यातले थोडेच आठवते. एका नळीत दुसरी नळी बसवली, तिच्यात लांब दांड्याचा दट्ट्या सोडला, दट्ट्याला बारीक बारीक छिद्रे होती, आणि मग तेल भरून माझे तोंड रबरी कडीने घट्ट बंद केले. त्या तेलाच्या अंधारात मला पहिल्यांदा जाग आली. शेजारी अगदी माझ्यासारखाच आणखी एक तयार होत होता. आम्हा दोघांना एकाच मोटारीच्या पुढच्या चाकांपाशी बसवले, मला डावीकडे आणि त्याला उजवीकडे. पुढे दहा वर्षे आम्ही एकमेकांपासून तीन-चार हातांवर राहिलो. मध्ये इंजिन असल्यामुळे तो मला कधी दिसला नाही. पण रस्ता खराब लागला की त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि बरे वाटायचे.

तुम्ही विचाराल, तू करतोस तरी काय? पुष्कळ जणांना वाटते की गाडीचे वजन मी पेलतो. ते श्रेय माझे नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. ही स्प्रिंग मनाने फार चांगली, पण उत्साही. चाक दगडावर चढले की ती दबते, धक्का पोटात घेते आणि लगेच उसळते. एकदा उसळून थांबणे तिच्या स्वभावात नाही. तिला मोकळे सोडले तर एका खड्ड्याच्या आठवणीत ती पुढचे अर्धे शेत नाचत राहील. तिथे मी लागतो. गाडी खाली आली की माझा दट्ट्या तेलात दाबला जातो, वर गेली की ओढला जातो, आणि दोन्ही वेळा तेलाला त्या बारीक छिद्रांतूनच वाट काढावी लागते. तेलाला घाई करता येत नाही. त्याच्या त्या संथपणामुळे उसळी मंदावते. गाडी एकदा वर जाते, एकदा खाली येते आणि शांत होते.

मग तो धक्का जातो कुठे? तो माझ्या तेलात जिरतो आणि त्याची ऊब होते. खडबडीत रस्ता तुडवून आल्यावर कोणी मला हात लावला असता, तर मी त्याला कोमट लागलो असतो. मला स्वतःला ती ऊब फार आवडायची. दिवसभर राबलेल्या माणसाला अंगणात टेकल्यावर जसे वाटते, तसे काहीसे मला वाटत असे. आणखी एक काम आहे, ते तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. स्प्रिंगला आवरून मी चाक जमिनीला टेकवून ठेवतो. हवेत उडालेले चाक काय कामाचे? त्याला ब्रेक लागत नाही आणि ते वळवले तरी गाडी वळत नाही.

आमची मोटार आधी मुंबईत एका शेटजींकडे होती. गुळगुळीत रस्ते, संध्याकाळची समुद्राची हवा, सगळा आराम. तिथे माझ्या हातून फारसे काही घडले नाही. मग १९५१ साली ती पनवेलच्या कमरुद्दीनने घेतली आणि टॅक्सी म्हणून चालवायला काढली. कमरुद्दीनचे वडील शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. पनवेल बंदरातून मुंबईला माल नेण्यात त्यांचे आयुष्य गेले. बंदरात गाळ साचू लागला, मचवे कमी झाले, तेव्हा मुलाने सुकाणू सोडून स्टिअरिंग धरले. पण चाल दर्याचीच राहिली. गाडी सुरू करताना तो एकदा आकाशाकडे बघायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि मगच क्लच सोडायचा.

पनवेल ते उरण हा आमचा रोजचा रस्ता. दोन्ही बाजूंना मिठागरे. पौषापासून वैशाखापर्यंत ती उन्हात अशी पांढरी पसरलेली असत की जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे लागते ते कळत नसे. कोंड्यांमधल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमधल्या, उथळ पाण्यात मोटारीची सावली आमच्याबरोबर पळायची. कडेला मिठाच्या राशी, त्यांच्यावर गवताचे शाकार, मध्येच एखादा बगळा. त्या उजेडातून मी खालीवर होत जायचो. मागच्या सीटवर आगरी माणसे दाटीवाटीने बसलेली, मांडीवर टोपल्या, सुक्या मासळीचा वास, आणि बोलणे पावसापाण्याचे, मिठाच्या भावाचे, लग्नांचे. माझ्याबद्दल सात वर्षांत कोणी चकार शब्द काढला नाही. काम चोख होत होते ना, मग कोण कशाला बोलेल? मला वाईट वाटायचे. खरेच वाटायचे.

कमरुद्दीनचे गाडीवर प्रेम होते, पण ते वरच्या बाजूला. मडगार्डना तो खोबरेल लावून चमकवायचा. आरशाला रोज ताजी वेणी असायची. खाली वाकून मात्र तो कधी बघत नसे. मिठागरांवरची ती खारी हवा माझ्या दांड्याला चावत होती. चकचकीत दांड्यावर गंजाचे बारीक फोड आले. वर-खाली होताना त्यांनी माझ्या तोंडाची रबरी कडी हळूहळू फाडली आणि एका उन्हाळ्यात माझ्या अंगावरून तेलाचा पहिला ओघळ उतरला. त्याच्यावर धूळ बसून काळपट चिखल झाला. कमरुद्दीनला एकदा तो दिसलाही. रस्त्याची घाण समजून त्याने फडक्याने पुसून टाकला आणि वर मला म्हणाला, "आता कसा लखलखीत." आम्हाला बोलता येत नाही. तेल गाळणे एवढीच आमची हाक असते, आणि ती त्याने अशी पुसून टाकली.

आणि मित्रांनो, आता जी गोष्ट घडली ती खाडीकाठच्या माणसांतच घडू शकते. तेल कमी झाले तसा माझा जोर गेला. स्प्रिंगला आवरणारे कोणी उरले नाही. गाडी लहानशा उंचवट्यावरूनही वर यायची, खाली जायची, पुन्हा वर यायची आणि डुलत डुलत पुढे सरकायची. दुसऱ्या एखाद्या गावात लोकांनी नाके मुरडली असती. इथे लोक खूश झाले. त्यांचे सगळे आयुष्य होड्यांत गेलेले. भरतीवर संथ डोलणारी होडी म्हणजे त्यांच्या लेखी उत्तम वाहन. ते म्हणू लागले, कमरुद्दीनची गाडी म्हणजे होडी. बसले की झोप लागते. गावोगाव नाव झाले. दुसऱ्या टॅक्स्या रिकाम्या असल्या तरी माणसे कमरुद्दीनसाठी खोळंबून राहत. तांडेलाच्या मुलाला याहून मोठी शाबासकी कोणती? त्याची मान ताठ झाली.

फक्त त्याची बायको हव्वाबी म्हणाली होती की होडीत तिला कधी मळमळत नाही, पण या गाडीत मळमळते. कमरुद्दीनने तिला हसून गप्प केले.

तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मला आतून सगळे कळत होते. ब्रेक मारला की गाडीचे नाक खाली बुडायचे. वळणावर ती एका अंगावर कलायची. पुढच्या डाव्या टायरची झीज एकसारखी राहिली नव्हती, त्याला मध्येमध्ये खळगे पडले होते. यातली एकेक खूण ओरडून सांगत होती की आम्हाला बदला. पण खरे सांगू? ती स्तुती मला गोड लागत होती. राबलो तेव्हा नाव घेतले नाही, आणि निकामी झालो तेव्हा सारा मुलूख गोडवे गातो आहे. मीही त्या डुलण्यात गुंगलो. अर्धवट झोपेत असल्यासारखे माझे ते दिवस गेले.

पुढच्या वर्षी चैत्रात मिठागरावर काम करणारा बुधाजी कमरुद्दीनकडे आला. त्याची बायको भामा गरोदर होती. आधीची दोन मुले पोटातच गेली होती. पनवेलच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की या खेपेला आठवा महिना लागला की इकडे येऊन राहा, आणि येताना अंगाला हिसका बसू देऊ नका. बैलगाडीचा तर विचारच नको. बुधाजीने चार ठिकाणी चौकशी केली आणि सगळ्यांनी एकच नाव सांगितले. कमरुद्दीनने छातीवर हात ठेवून सांगितले की भामाच्या पोटातले पाणीही हलणार नाही.

सकाळी आम्ही निघालो. भामा मागे उशीला टेकून बसली होती. तिने एक हात पोटावर ठेवला होता आणि तो ती काढत नव्हती. गाडी डुलू लागली. बुधाजीने समाधानाने बायकोकडे पाहिले. तीही थोडी सैलावली, डोळे मिटले. पांढरा उजेड दोन्ही बाजूंनी वाहत होता. धक्का लागत नसल्यामुळे कमरुद्दीनला आपण किती वेगाने चाललो आहोत याचे भान उरले नव्हते. तो नेहमीच्याच वेगाने बांधावरच्या वळणाला आला.

वळणावर एक दगड होता. फार मोठा नव्हता. पूर्वी असे शेकडो दगड मी दिवसभरात जिरवले होते. डावे चाक त्यावर चढले, स्प्रिंग दबली आणि उसळली. मी तिचा हात धरायला गेलो आणि माझ्या पोटात नुसती हवा होती. चाक रस्त्यावरून उचलले गेले. कमरुद्दीनने स्टिअरिंग वळवले, ब्रेक दाबला. त्याची काही चूक नव्हती. पण हवेतले चाक कोणाचे ऐकणार? गाडी तिरकी झाली, बांधाच्या कडेवरून घसरली आणि खाली मिठाच्या राशीत घुसून थांबली. रास नसती तर आम्ही पाण्यात गेलो असतो.

इंजिन बंद पडले. मीठ टपावर सांडत राहिले, त्याचा बारीक आवाज येत होता. भामा ताठ बसली होती. तिने आता दोन्ही हात पोटावर धरले होते. बुधाजी तिला काही विचारायला गेला, तशी तिने मान हलवून त्याला थांबवले. ती वाट बघत होती. अर्धे मिनिट गेले असेल. कमरुद्दीनचे ओठ नुसते हलत होते, तो मनातल्या मनात अल्लाला विनवत होता. माझ्या आयुष्यात एवढे लांब अर्धे मिनिट दुसरे नाही.

मग भामा हळूच म्हणाली, "हाल्ला. पोटान हाल्ला."

बुधाजी तिथेच मिठावर खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मिठागरावरच्या माणसांनी गाडी ढकलून वर आणली. दुसरे वाहन मिळण्यासारखे नव्हते, म्हणून भामा पुन्हा त्याच सीटवर बसली. उरलेले चार मैल कमरुद्दीनने गाडी माणसाच्या चालीने नेली. बुधाजी गाडीत बसायलाच तयार होईना. तो पुढे पुढे चालला, वाकून रस्त्यातला एकेक दगड उचलून बाजूला टाकत. उन्हात त्याची पाठ चमकत होती. मागून लोक म्हणत होते, गाडी चांगली म्हणून वाचलात, त्या दगडानेच घात केला. बुधाजीलाही तसेच वाटत होते.

भामाला इस्पितळात पोचवून तो गाडी घेऊन सरळ महादेव मिस्त्रींकडे आला. चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ करा, एवढेच त्याचे सांगणे होते. महादेव मिस्त्री माणूस कमी बोलणारा. त्यांनी मडगार्डवर हात ठेवून सगळा भार टाकला आणि हात काढून घेतला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. ती थांबेपर्यंत ते बघत राहिले. मग गाडीखाली शिरले आणि त्यांनी चारही शॉकपना हात लावला. मागचे दोघे अजून चांगले उबदार होते. उजवीकडचा माझा भाऊ जेमतेम कोमट होता. मला हात लावला आणि तो तसाच ठेवला. एवढा खडबडीत रस्ता तुडवून आलो होतो आणि मी गार होतो. दहा वर्षांत मला मुद्दाम हात लावणारा तो पहिला माणूस.

त्यांनी मला सोडवून बाहेर काढले आणि कमरुद्दीनच्या हातात दिले. दांडा ओढून बघ म्हणाले. चांगल्या शॉकपचा दांडा ओढायला जोर लावावा लागतो. माझा दांडा काडेपेटीच्या खणासारखा आत-बाहेर झाला. कमरुद्दीन पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिला.

"हा किती दिवस असा असेल, मिस्त्री?"

"लोक तुझ्या गाडीला होडी म्हणायला लागले ना," महादेव मिस्त्री म्हणाले, "तेव्हापासून."

कमरुद्दीनने मला खाली ठेवले आणि खिशातले पैसे मोजले. नवे दोन मुंबईहून मागवले. भावात अजून थोडा जीव होता, पण महादेव मिस्त्रींनी ऐकले नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला तर गाडी एकीकडे ओढते, हे जोडीनेच बदलायचे असतात, असे ते म्हणाले. त्यालाही काढला. दहा वर्षांनी आम्ही प्रथमच शेजारी शेजारी पडलो. तो अगदी माझ्यासारखा दिसत होता. पुढच्या आठवड्यात भंगारवाला त्याला घेऊन गेला. मला मात्र मिस्त्रींनी फळीवर ठेवले, गिऱ्हाइकांना दाखवायला.

नव्या शॉकपची गाडी लोकांना आवडली नाही. दगड लागला की कळायचा. वळणावर ती कलत नसे, ब्रेकला नाक बुडवत नसे, पण ते कोण मोजतो? गाडी कडक झाली, कमरुद्दीनच्या हाताची जादू गेली, असे लोक म्हणू लागले. खोळंबून थांबणारे इतर टॅक्स्यांत बसू लागले. गॅरेजात येऊन तो हे सांगायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचे, मोहात पडून पुन्हा माझ्यासारखे रिकामे बसवून घेतो की काय.

भामाला मुलगी झाली. तिला घरी न्यायचा दिवस आला तेव्हा गाडी आधी गॅरेजसमोर थांबली. नव्या शॉकपचे नट थोडे चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, ते काम होते. इस्पितळापासून इथपर्यंतच्या रस्त्याने बुधाजी वैतागला होता. त्याने कमरुद्दीनला सरळ विचारले की गाडीला काय करून ठेवलेस, ती होडी कुठे गेली? तिनेच तर आमचे पोर वाचवले.

कमरुद्दीन हो म्हणू शकला असता. त्या एका गोष्टीवर त्याचे गेलेले नाव परत आले असते.

"ऐक बुधाजी," तो म्हणाला. "त्या दिवशी दगडाचा कसूर नव्हता. माझ्या गाडीचा होता. ती डुलत होती ती आजारी होती म्हणून, आणि मी खाली वाकून कधी पाहिलं नाही. तुझं पोर माझ्या गाडीनं वाचवलं नाही, ती त्याला बुडवायला निघाली होती. तू म्हणशील तर आज दुसरी टॅक्सी करून देतो."

गावभर बुधाजीने या गाडीचे गुण गायले होते. भामाने मुलीला त्याच्याकडे दिले, खाली उतरली आणि मला फळीवरून उचलले. तिने माझा दांडा एकदा ओढला, एकदा दाबला. मिठागरावर राबलेला तिचा खरखरीत तळवा होता. तिने मला परत ठेवले, गाडीत जाऊन बसली आणि मुलीला मांडीवर घेतले.

"दगर लागतान, लागूं दे," ती नवऱ्याला म्हणाली. "खाली रस्ता हाय ह्यं कलतं तरी. त्या दिशी मना कायच कलत नव्हतं."

गाडी निघाली. तळ्याच्या वळणावर एक उंचवटा आहे. तिथे ती एकदा वर आली, एकदा खाली बसली आणि पुढे सरळ गेली. मी बघत होतो. मला हेवा वाटला नाही, असे म्हणणार नाही. पण माझ्या जागेवर आता कोणीतरी पोटभर तेल घेऊन उभा होता, आणि मागे ती मुलगी होती.

तुमच्या घरी, ओळखीत कोणाची मोटार असेल, तर एवढे करा, मित्रांनो. मडगार्ड दाबून सोडा आणि ती किती वेळा उसळते ते बघा. दूर जाऊन आलात की गाडी उभी करून मोठ्या माणसांना खाली वाकायला सांगा, आमच्या अंगावर तेल ओघळले आहे का ते बघायला सांगा, आणि आम्हाला हात लावायला सांगा. ऊब लागली तर ठीक. गार लागलो तर आम्हाला जोडीने काढून टाका, उगाच जीव गुंतवू नका. गाडी फार मऊ झाली म्हणून कोणी कौतुक करू लागले तर आणखी लवकर वाकून बघा. माझे कौतुक झाले त्या दिवसांत एकदा जरी कोणी मला हात लावून बघितले असते, तर भामाला दोन्ही हात पोटावर धरून ते अर्धे मिनिट वाट बघावी लागली नसती.